मालनताई आणि झाकलेली यादी

मालनताई कांबळे संगणकावर काम करताना डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवून ठेवायच्या. ज्या ओळीत दुरुस्ती चालली आहे, बरोबर त्या ओळीवर. ओळ नीट झाल्याशिवाय ते बोट उठायचं नाही. मग फोन वाजो, मालक हाक मारो, की अंगावर छत कोसळो. तासगावच्या त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये या एका बोटानं तीन पडदे झिजवले. चौथ्याला खड्डा पडला होता आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, असं मी सांगतो तेव्हा लोक मला थापाड्या म्हणतात. बरं, पाणी साचत नव्हतं. पण खड्डा होता.

आधी त्या शेडवर बेदाणा निवडायला जायच्या. वीस वर्षं निवडला. मूठभर बेदाणा ताटात टाकला की नुसत्या आवाजावरून त्या गाव सांगत, आणि रंग बघून बागायतदार बायकोशी भांडून आला आहे का तेही सांगत. त्या पंचेचाळीस वर्षांच्या असताना तिथला कारकून काम सोडून गेला म्हणून मालकांनी, म्हणजे आबांनी, त्यांना संगणकापुढं बसवलं. आबांना वाटलं, आठवडाभर बसतील. मालनताईंनी पहिल्या दिवशी माउस हातात धरून पाहिला, उलटा करून पोट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे निवडण्यापेक्षा सोपं हाय. हितं खडं न्हाईत."

त्या संगणकातली यादी मी बनवलेली. मी कुपवाडला एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर बसून प्रोग्रॅम लिहितो. खाली लोखंड कापतात, वर मी डोकं कापून घेतो. यादी अगदी साधी होती. शेतकऱ्याचं नाव, गाव, लॉट नंबर, खोली, बॉक्स. काही चुकलं तर त्याच ओळीवर जायचं, तिथंच टाइप करायचं, एंटर दाबलं की खालच्या ओळीवर. बास. तेव्हा मला फारसं काही येत नव्हतं, म्हणून ते इतकं चांगलं झालं होतं.

पुढं मला येऊ लागलं आणि घोटाळा झाला.

निमित्त मांजराचं. बेदाणा आला की उंदीर येतात, म्हणून स्टोरेजवर एक मांजर होतं. वासरू म्हणून खपेल एवढं मोठं. एका दुपारी ते कीबोर्डवर झोपलं आणि एका शेतकऱ्याच्या गावाचं नाव झालं 'मममममममम'. यादी तशीच छापली, सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या, दिवशी भिंतीवर लागली, आणि बाहेरून आलेला एक व्यापारी आबांना गंभीरपणे विचारू लागला, हे गाव मिरजेच्या पलीकडं का अलीकडं? आबा तापले. मला बोलावून म्हणाले, "रवी, ओळीत असं कुणी बी शिरायला नको. दार बसव त्याला."

मी दार बसवलं. दार कसलं, किल्ला बांधला! आता ओळ निवडायची, 'दुरुस्ती' नावाचं बटण दाबायचं, की यादीच्या छाताडावर एक मोठा चौकोन उघडायचा. त्यात त्या एकाच शेतकऱ्याची माहिती. बदल करा, 'जतन' दाबा, मग तो विचारणार: 'आपणास नक्की बदल करावयाचा आहे का?' हो म्हटलं की चौकोन मिटायचा आणि यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून दिसायची. ती वर का उडी मारते ते मला नीटसं कळलं नव्हतं, पण त्याला मी 'ताजी यादी' असं नाव देऊन टाकलं.

मालनताईंनी चौकोन उघडला आणि त्यांचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं.

"यादी कुठं गेली रं?"

"आहे ना ताई. मागं आहे."

"मागं हाय? मला काय पाठीला डोळं हायत?"

मी त्यांना सुरक्षितता समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, एक बदल करून पाहिला, चौकोनानं प्रश्न विचारला. त्या पडद्यालाच म्हणाल्या, "नक्की नसतं तर मी काय चाळा म्हणून बदलतीया का?" मग माझ्याकडं वळून, "आन बदलल्यावर चूक कळली तर? माघारी घेता येतंय?"

"नाही. म्हणून तर आधी विचारतो."

"म्हंजे आधी शपथ घालायची, आन मागनं सोडवायचं न्हाई. लय हुशार हायस."

त्यांचं खरं दुखणं शपथेचं नव्हतं, शेजाराचं होतं. आमच्याकडं बेदाणा एकट्यानं कुणी आणत नाही. एका टेंपोत मेव्हणा, साडू, चुलता, सगळ्यांचे बॉक्स चढतात आणि गेटवर ज्या क्रमानं उतरतात त्याच क्रमानं यादीत लागतात. एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन-दोन शेतकरी. त्यांतला हा कुठला, ते नावावरून कळत नाही; वरच्या ओळीत कोण आहे आणि खालच्या ओळीत कोण आहे त्यावरून कळतं. मालनताई तशाच ओळखत. "ह्याच्या वर मेव्हणा बसलाय, म्हंजे ह्यो वरच्या आळीचा." माझ्या चौकोनानं नेमका मेव्हणाच झाकला होता.

त्यांनी आबांना तोंडावर सांगितलं, "आवं आबा, ह्याच्यावर काम व्हायचं न्हाई."

आबांनी माझ्या किल्ल्याचे पैसे मोजले होते. ते म्हणाले, "सोमवारच्या सौद्याला हीच यादी चालणार. जमत नसंल तर पहिल्यासारखी निवडायला बस, मालन."

मला वाटलं, आता नमतील. निवडण्याचं काम म्हणजे दिवसभर मांडी घालून बसायचं, आणि त्यांचे गुडघे तेव्हाच बोलू लागले होते. मालनताईंनी पदराला हात पुसले, खुर्ची मागं सारली आणि म्हणाल्या, "मग मी निवडाय बसते. पण जिथं शेजार दिसत न्हाई, त्या यादीला मी हात लावणार न्हाई. मला खुर्ची नसली तरी चालंल."

आणि शनिवारी तीन नंबरच्या खोलीचं थंडीचं मशीन बंद पडलं. सगळा माल पाच नंबरच्या खोलीत हलवला, नव्या खोलीत नवे लॉट नंबर पडले. सोमवारी सकाळी दोनशेच्या वर ओळी दुरुस्त करायच्या होत्या, आणि अकराला सौदा. मालनताई खुर्चीवर नाहीत म्हटल्यावर खुर्चीत मी. त्या आल्या होत्या. माझ्या बरोबर समोर, दारात, एका उलट्या क्रेटवर बसून मांडीवरच्या ताटात बेदाणा निवडत होत्या. त्या माझ्याकडं एकदाही बघत नव्हत्या. एवढं न बघणं मी जन्मात पाहिलं नाही.

मी सुरू केलं. ओळ शोधा, बटण, चौकोन, नंबर, जतन, नक्की का? हो. यादी वर. पुन्हा खाली सरका, पुढचा माणूस शोधा. पन्नासाव्या ओळीला माझ्या मनगटातून धूर यायला लागला. शंभराव्या ओळीला प्रश्न वाचायचंच बंद केलं. त्यानं 'आपणास नक्की विष घ्यावयाचे आहे का' असं विचारलं असतं तरी मी हो दाबलं असतं. पण अकराला दहा कमी असताना यादी छापली, लॉट नंबरांप्रमाणं नमुन्याची ताटं मांडली गेली, आणि मी कॉलर ताठ करून दारात उभा राहिलो.

पहिली आरोळी तिसऱ्या रांगेतून आली.

"आवं आबा, ह्यो माल माझा? ह्यो? असला काळा माल माझ्या बागंत निघाला तर बाग उपटून टाकीन मी!"

आरोळी तानाजी शंकर पाटलाची. त्याचा माल हिरवागार, काचेसारखा. आणि त्याच्या नावापुढं ताट काळ्या बेदाण्याचं. तेवढ्यात मागून दुसरा माणूस पुढं आला. "काय रं, काय वाईट हाय त्यात? माझा हाय त्यो माल!" हाही तानाजी शंकर पाटील. त्याच गावचा. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मी ह्याचा नंबर त्याला आणि त्याचा ह्याला दिला होता, कारण चौकोनात नुसतं नाव दिसत होतं आणि नाव दोन्हींत बरोबर होतं.

दोन तानाजी निघाले म्हटल्यावर सगळेच आपापल्या ताटापुढं जाऊन बेदाणा हुंगू लागले. ज्यांचा बरोबर होता तेही म्हणू लागले, हा आमचा नव्हे. व्यापाऱ्यांनी पिशव्या उचलल्या. शेजारच्या स्टोरेजवरही त्याच दिवशी सौदा होता आणि ते फाटक दोनशे पावलांवर. आबांचा चेहरा काळ्या मालासारखा झाला.

ते दारापाशी आले. "मालन, ऊठ. बस खुर्चीवर."

मालनताईंनी एक काडी वेचून बाजूला टाकली. "आवं, मी निवडाय बसलीया. तुमीच बसवलंय."

"चुकलं."

"कुणाचं?"

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. शंभर माणूस ऐकत होतं. "माझं."

"आन ह्याचं?"

"ह्याचं बी."

"त्याला तोंड दिलंय की देवानं. त्याला बोलू द्या."

मी बोललो. मोठ्यानं बोललो. एका तानाजीनं तर "ऐकू आलं न्हाई" म्हणून परत बोलायला लावलं.

मालनताई उठल्या. "जुनी यादी हाय का अजून ह्यात?" होती. तीच माहिती, जुनाच प्रोग्रॅम, मी काढून टाकायला विसरलो होतो. त्या बसल्या, बोट टेकवलं. पाच नंबरच्या खोलीपासून दारापर्यंत माणसांची रांग लावली. आतला नाव आणि नंबर वाचायचा, पुढचा पुढं सांगायचा, आणि ह्या जागच्या जागी ओळीत नंबर भरून एंटर, नंबर भरून एंटर. मध्येच थांबून ओरडायच्या, "थांब! वर साडू हाय त्याचा? मग बरोबर, चल." त्यांच्या हातांचा वारा इतका सुटला की भिंतीवरची माझी यादी उडून गेली. आबांनी व्यापाऱ्यांना थोपवायला चहा मागवला होता. तो पिऊन कप खाली ठेवायच्या आत दोनशे ओळी झाल्या. दोन्ही तानाजी आपापल्या मालापुढं गेले. सौदा साडेअकराला सुरू झाला.

आबा म्हणाले, "मालन, खुर्ची तुझी."

"खुर्ची व्हती माझीच," त्या म्हणाल्या. "यादी कुणाची, ते सांगा."

"यादी बी तुझी. तू म्हणशील तशी."

पुढच्या आठवड्यात त्या एसटीनं कुपवाडला आल्या, जिना चढून माडीवर माझ्या मागं स्टुलावर बसल्या आणि मला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. दुरुस्ती ओळीतच. जिच्यात चाललीय ती ओळ पिवळी, वरची-खालची जशीच्या तशी दिसली पाहिजे. यादीनं जागचं हलायचं नाही. अर्ध्यात मन फिरलं तर एका बटणावर जुनं परत, आणि एंटर दाबून झाल्यावरही माघार घेता आली पाहिजे. "चुकणारच की माणूस. शपथ घेतल्यावर चुकत न्हाई व्हय?"

"आणि मांजर, ताई?" मी शेवटचा बाण सोडला.

त्यांनी विचार केला. "एकाच जागी दोनदा टिचकी मारल्याबिगर ओळ उघडायची न्हाई, असं कर. मांजराला येतंय का तसं?"

येत नाही. मी त्या वासरावर करून पाहिलं. ओरखडा अजून आहे.

मालनताई जाऊन आता दीड वर्ष होईल. शेवटचा हंगामसुद्धा त्यांनी पुरा केला. गुडघे गेले होते, तर आबा जीप पाठवायचे. माझ्या सगळ्या याद्या तेव्हापासून तशाच आहेत आणि त्यापायी मी पुष्कळ कामं घालवली. त्यातलं एक सांगतो, ताई असतानाचं. साताऱ्यातली एक मोठी बियाण्यांची कंपनी. गार हॉल, लांबलचक टेबल, पाच साहेब. ते म्हणाले, सगळं छान आहे, पण प्रत्येक बदलाला वेगळा चौकोन हवा आणि दोनदा विचारणा हवी, कारण आमच्या लोकांवर आमचा भरवसा नाही. मी म्हटलं, मग लोक बदला, यादी झाकू नका. पुढचं संभाषण लहान झालं.

रहिमतपूरच्या वाटेवर गाडी लावून मी मालनताईंना फोन केला. काम गेलं म्हणून सांगितलं. वर्षाचं काम होतं, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जेवलास का?"

"नाही."

"आधी जेव. आन मला सांग, साताऱ्यात बियाण्याची दुसरी कंपनी न्हाई का?"

"आहे की. त्याच रस्त्याला, पुढं."

"मग उद्या तिकडं जा. आन मागनं वळसा घालून जाऊ नको. ह्यांच्या फाटकासमोरनंच जा."

दुसऱ्या कंपनीतही काम मिळालं नाही, खोटं कशाला सांगू, तिसरीत मिळालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फाटकासमोरूनच गेलो. दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा हॉर्न दाबून धरला होता.