पत्र्याची जाडी

आमची बोट मुळात एका थंड देशाच्या नौदलातली, बर्फ फोडणारी. नौदलाचं काम संपल्यावर त्यांनी ती विकली. मी थर्ड इंजिनियर म्हणून तिच्यावर चढलो तेव्हा ती दक्षिणेकडच्या संशोधन तळांना सामान पोचवायची. लोकांना वाटतं, असली बोट सुरीसारखी बर्फ कापत जाते. छे! ती सरळ बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनानं तो खाली दाबून फोडते. त्यासाठी तिचं पोट गोल ठेवलेलं असतं. उघड्या समुद्रात मात्र त्या पोटापायी ती अशी लोळायची की ताटं ओल्या फडक्यावर ठेवली तरी आमटी मांडीवर. शिव्या घालत घालत चार वर्षं काढली, आणि उतरायची वेळ आली तेव्हा रडलो. खरंच रडलो.

सेकंड इंजिनियर माझा मित्र होता. बर्फात अडकलं की एका बाजूच्या टाकीतलं पाणी पंपानं दुसऱ्या बाजूला फिरवायचं आणि बोट हलवून हलवून सोडवायची, हे त्यानंच मला शिकवलं. पुढे दोघंही सिंगापूरला स्थिरावलो. तो यिशुनला, मी बुकित पंजांगला. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात जहाजांची खरेदी-विक्री बघतो, मी जहाजं तपासणारा सर्व्हेयर झालो. आमच्या बायका एकमेकींकडे अळूवड्या पाठवतात, इतका घरोबा.

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. "अरे, आपली म्हातारी इथेच अँकर टाकून उभी आहे. एक संशोधन संस्था घ्यायला तयार आहे, पण बर्फाशी घासून पत्रा पातळ झाला असेल अशी त्यांना धास्ती. तू मोजून दे. आणखी दहा वर्षं चालेल बघ ती."

मी रजाच टाकली. लाँचनं गेलो आणि तीन दिवस तिच्या पोटातल्या टाक्यांमधून सरपटलो. बाहेर सिंगापूरचा उकाडा, आत तर विचारूच नका, पंख्यानं सोडलेली हवा कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हती. गंज घासायचा, जेली लावायची, जाडी मोजायचं यंत्र टेकवायचं, आकडा खडूनं लिहायचा, पुढे सरकायचं. साठीला टेकलेला माणूस मी, गुडघे सोलून निघाले. पण नाकाकडचा पत्रा जवळजवळ नव्यासारखा जाड निघाला! मी त्या अंधारात "शाब्बास गं बाई!" असा ओरडलो की वर झाकणापाशी बसलेल्या माणसानं घाबरून आत डोकावलं.

रिपोर्ट पाठवला. "कमाल केलीस," असा त्याचा मेसेज आला. मला ही संधी दिली म्हणून उलट मीच त्याचे आभार मानले. काय मूर्ख होतो!

महिन्याभरानं फोनवर जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं ॲप उघडलं, तर ती निघाली होती. मुक्कामाच्या जागी लिहिलं होतं अलंग. गुजरातचा तो किनारा, जिथे जुन्या बोटी वाळूवर चढवतात आणि तोडतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच यिशुनला गेलो आणि त्याला घरातून खाली हॉकर सेंटरमध्ये, चहा-खाण्याच्या टपऱ्यांवर बोलावलं.

"संशोधनवाले कुठे गेले?" मी विचारलं.

"नव्हतेच कुणी." त्याची नजर चहाच्या ग्लासात. "चिडू नकोस. भंगारवाले कागदावरच्या वजनावर पैसे मोजतात. पत्रा झिजलाय, तेवढं लोखंड हातात पडणार नाही म्हणून कुरकुरत होते. तुझे आकडे बघितले आणि तयार झाले."

"मग मला खोटं का सांगितलंस? दुसरा सर्व्हेयर मिळत नव्हता तुला?"

"आणला होता की एक. दोन टाक्या बघितल्या आणि घामाघूम होऊन वर आला. बाकीचं सगळं अंदाजानं पातळ लिहून मोकळा. सौदा मोडलाच होता." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिच्यासाठी तुझ्यासारखं कोपऱ्याकोपऱ्यात कोण शिरणार, सांग?"

माझं कौतुक करत होता तो! केसानं गळा कापला, आणि वर शाबासकी. मी त्याचा हात झटकला.

"म्हणजे मी आत शिरलो नसतो, तर ती आज इथेच उभी असती?"

"असती," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगायला उठला.