पहिली चीर

आश्विन वद्यात माझे सप्ताहाचे पारायण चालू होते. सहाव्या दिवशीचे सकाळचे वाचन संपवून मी ग्रंथ वस्त्रात बांधत होतो, तोच सूनबाई दारात येऊन उभी राहिली. सोवळ्याच्या वेळी ती देवघराच्या उंबरठ्याशी कधी येत नाही, म्हणून मी मान वर केली. "बाबा, इंदूआत्या गेल्या," एवढेच ती म्हणाली... इंदू माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांनी धाकटी. दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकलेली पाहून शेजारणीने तिच्याजवळ ठेवलेल्या किल्लीने दार उघडले होते. मी मानेवाड्याला तिच्या घरी पोहोचलो तेव्हा इंदूला खाली निजवले होते. जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर बसल्या बसल्याच तिचे हृदय थांबले, असे डॉक्टरांनी सांगितले. चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर एक अखंड कोहळे, आणि शेजारी सुरी. ते कोहळे माझी वाट पाहत होते हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होते, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही.

लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळे म्हणतात, आणि घरातील स्त्रीने अखंड कोहळ्याला पहिली चीर देऊ नये, ती पुरुषाच्या हातून पडावी, असा आचार आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कोहळे हे जीवाच्या जागी अर्पण करण्याचे फळ, म्हणून ते चिरणे म्हणजे एक प्रकारचा वधच, असे त्याचे कारण सांगत. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. देवळातील प्रवचनेही केली. परंतु हा नियम कोणत्याही ग्रंथात माझ्या वाचनात कधी आला नाही. हे मी आज लिहीत आहे. ते लिहिण्याची वेळ पस्तीस वर्षांपूर्वीच येऊन गेली होती.

इंदूचे यजमान वसंतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. वसाहतीतील दोन खोल्यांच्या क्वार्टरात त्यांची पहिली दिवाळी आली तेव्हा आकाशकंदील आणायला शहरात जाणे जमले नाही आणि धाकटा मुलगा निखिल रडून रडून बेजार झाला. इंदूने घरातल्या कोहळ्याचा वरचा भाग वसंतरावांकडून टोपीसारखा उतरवून घेतला, आतला गर चमच्याने खरवडून काढला आणि करवतीच्या मोडक्या पात्याला चिंधी गुंडाळून त्याच्या अंगावर जाळी कोरली. आत पणती ठेवली. गराची गूळ घालून तळलेली गोड बोंडे झाली. दुसऱ्या वर्षी निखिल आणि त्याची मोठी बहीण मृदुला यांनी आधीच हुकूम सोडला की यंदाही कोहळ्याचाच दिवा हवा. पुढे वसुबारसेच्या दिवशी कोहळे कोरणे हा त्या घराचा कुलाचार होऊन बसला. प्रत्येक मुलाने एकेक चित्र सांगायचे आणि इंदूने ते कोरायचे. मृदुलाने एका वर्षी वीज केंद्राच्या चिमण्या सांगितल्या. इंदूने त्या धुरासकट कोरल्या. निखिलला सिंह हवा असे. "आई, तुझा सिंह तर बिमार मांजर दिसून राहिला," असे तो म्हणे, आणि इंदू म्हणे, "मग घे पातं, अन् तूच कर त्याले बरा." वसाहतीत राहून तिची बोली अशी झाली होती. माझ्या कानांना ती खटकत असे, आणि मी ते बोलून दाखवत असे.

परंतु पहिली चीर वसंतरावांची. त्यांची ड्यूटी दुपारची असली की कोहळे संध्याकाळपर्यंत टेबलावर बसून राही आणि मुले त्याच्याभोवती. गणवेश न उतरवता, हात धुऊन ते सुरी घेत आणि म्हणत, "पुढच्या साली कोहळ्यालेच शिफ्टचा चार्ट दाखवून आणत जा." मी दिवाळीला त्यांच्याकडे जात असे. अशाच एका वसुबारसेला वसंतरावांना बदली ड्यूटी लागली. मुले कंटाळली. मृदुला नऊ वर्षांची होती. तिने सुरी उचलून आईपुढे धरली आणि म्हणाली, "तूच काप ना वं आई. एवढी जाळी कोरते, तर वरचं काहून नाही कापत?" इंदूने माझ्याकडे पाहिले. तिचा हात पुढे झाला होता, हे मला स्पष्ट आठवते. मी म्हणालो की शास्त्राला ते मान्य नाही. मृदुलाने विचारले, "कोणत्या पोथीत लिहिलं आहे, मामा?"

मला 'ठाऊक नाही' म्हणता आले असते. त्याऐवजी मी एक श्लोक म्हटला. स्वर लावून, शेवटचा चरण दोनदा म्हटला. तो श्लोक दानाविषयी होता. कोहळ्याचा, सुरीचा किंवा स्त्रीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. मृदुलाने सुरी टेबलावर ठेवली. इंदूने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पाहा, मामांनी सांगितलं ना. झालं मग." त्या दिवशी पहिली चीर मी दिली, आणि तिने कोरलेल्या हत्तीचे मी तोंडभरून कौतुक केले... मनाला त्या वेळी काहीही टोचले नाही, हे नमूद केले पाहिजे. आचार टिकला, याचे समाधानच वाटले होते.

मुले मोठी होतात तेव्हा घरातील चालीरीतींना ती एकदम सोडून जात नाहीत. एकेक बोट सोडवून घ्यावे तसे ते होत जाते. बारावीच्या वर्षी निखिल शिकवणीहून आला, चीर दिली आणि चित्र न सांगताच आत निघून गेला. इंदूने त्याच्या वाटणीचा सिंह तरीही कोरला. मृदुला नोकरीसाठी पुण्याला गेली. निवृत्तीनंतर वसंतराव मानेवाड्याच्या घरात चार दिवाळ्या राहिले. मग तेही गेले. निखिल कॅनडात स्थायिक झाला. त्यानंतर चीर देणारा मी एकटा उरलो. गेली अकरा वर्षे मी महाल भागातील माझ्या घरून रिक्षा करून जात असे, सुरी हाती घेत असे, आणि मग खुर्चीवर बसून तिचे कोरणे पाहत असे. बोटे सुजलेली असत, तरी ती दोन चित्रे कोरी, एकेका मुलाचे एकेक, आणि दिवा लागला की त्याचे छायाचित्र दोघांना पाठवी. कधी उत्तरादाखल एखादे हसरे चित्र येई. कधी दोन दिवसांनी 'छान' एवढेच. ती मला फोन पुढे करून दाखवी. मी चष्मा काढून पाही. 

मागच्या वर्षीची गोष्ट आहे. मी सुरी उचलणार तेवढ्यात तिने मला थांबवून फोनवर निखिलने पाठवलेले चित्र दाखवले. त्यांच्याकडे दिवाळीच्या सुमारास मुलांचा एक सण असतो, त्यात घरोघर भोपळे कोरून ठेवतात. दात विचकलेल्या एका भोपळ्यामागे आठ वर्षांची सई, निखिलची मुलगी, कोपरापर्यंत गराने माखून उभी होती. इंदू म्हणाली, "पूर्ण हिनंच कापलं म्हणे, दादा. पहिली चीर बी हिचीच." मग म्हणाली, "पोरीले काही झालं नाही." आणि माझ्याकडे पाहत राहिली. सुरी आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होती. मी म्हणालो, "परदेशातला आचार वेगळा असतो, इंदू." ती म्हणाली, "हो. तेही खरंच." आणि तिने सुरीची मूठ माझ्याकडे वळवून ठेवली.

यंदा तिचा फोन पारायणाच्या दुसऱ्या दिवशी आला. कन्हानकडच्या एका बाईकडून मोठे देखणे कोहळे मिळाले होते. तिने विचारले, "कधी येता, दादा? या साली दोघंही येऊन नाही राहिले. मी लवकरच कोरायला घेणार होती. हात चालत नाही आता, चार दिवस लागतात मले." मी सांगितले की सप्ताह पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पडायचे नाही असा संकल्प आहे, समाप्तीनंतर येईन. फारच घाई असेल तर भाजीवाल्याकडून चीर पाडून घे, असेही सुचवले. ती हसली. "त्यानं फोड काढली तर दिवा कुठून होईल? राहू द्या. संकल्प नका मोडू. मी थांबते." महालातून मानेवाड्याला जायला रिक्षाने अर्धा तास पुरतो. चीर द्यायला क्षणभर लागते. 'तूच काप' हे दोन शब्द तर मी आसनावर बसूनही उच्चारू शकलो असतो. फोन तर कानाशीच होता... ते पारायण अशौचामुळे खंडित झाले. मी ते पुन्हा हाती घेतलेले नाही, आणि घेईन असे वाटत नाही.

तेराव्यानंतर निखिल कॅनडाला परतला. घर रिकामे करण्यासाठी मृदुला थांबली होती. मी गेलो तेव्हा ती भांडी बांधत होती. कोहळे तसेच टेबलावर होते. अखंड कोहळे महिनोन्‌महिने टिकते. मी, पस्तीस वर्षे उशिरा, तिला सांगितले की त्या दिवशी म्हटलेल्या श्लोकाचा आणि कोहळ्याचा काहीही संबंध नव्हता. नियम ग्रंथात कोठेही नाही. मी खोटे बोललो होतो.

मृदुलाने हातातले पातेले खाली ठेवले. "माहीत आहे, मामा. तो श्लोक आम्हाला अकरावीच्या पुस्तकात होता. दानावरचा आहे. मी त्याच दिवशी येऊन आईला अर्थ सांगितला होता."

मी विचारले, मग ती काय म्हणाली.

"म्हणाली, दादाले सांगू नको. त्यांनी एवढ्या लोकांसमोर पोथ्या सांगितल्या, आता त्यांचा शब्द कसा खाली पडू द्यायचा." मृदुला खिडकीकडे पाहत होती. "मी खूप भांडले तिच्याशी. तर म्हणाली, ते स्वतःहून म्हणतील ना एखाद दिवशी. तेव्हा कापीन."

मागच्या वर्षीचे ते चित्र, तिचे ते माझ्याकडे पाहत राहणे, सुरीची मूठ वळवणे... त्यांचा अर्थ मला तिथे, बांधलेल्या भांड्यांमध्ये उभे असताना कळला. मी मृदुलाला म्हणालो, निदान तू तरी आज याला चीर दे. तिने मान हलवली. "आता कोणासाठी, मामा? मला कोरता येत नाही. निखिललाही नाही. आम्ही नुसती चित्रं सांगत होतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर काहीतरी उरले आहे असे वाटले असते. तिने कोहळे कापडी पिशवीत घालून माझ्या हाती दिले आणि रिक्षा बोलावली.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. कोहळे माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे. ते पिशवीतून काढले तेव्हा मी ते प्रथमच नीट पाहिले. इंदूने पेनाने त्याच्यावर चित्रे आखून ठेवली होती. एका बाजूला तीन चिमण्या, दुसऱ्या बाजूला सिंह. तिसऱ्या बाजूला काही नाही. वर देठाभोवती टोपीची गोल रेघ आहे आणि त्या रेघेवर एक लहान फुली. माझी नजर अधू झाल्यापासून मला बारीक रेघ चटकन दिसत नसे, म्हणून सुरी कोठे ठेवायची ते कळावे यासाठी ती दर वर्षी अशी फुली करी. सूनबाईने एकदा विचारले, याचे काय करायचे, बाबा?  चीर देण्याचा अधिकार माझ्याकडे कधी नव्हताच, आणि जिच्याकडे होता ती आता नाही. सकाळी संध्या आटोपून मेजाशी बसलो की माझे बोट त्या फुलीवर जाते. शाई आधीच पुसट आहे. रोजच्या स्पर्शाने ती आणखी पुसते आहे, हे दिसते. तरी दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा तेथेच जाते.