पायपेटीची शेवटची ओळ

"मास्तर, थांबू नका! तो ऐकी ऱ्हायना!" मी ओरडत होतो, आणि तेही प्रार्थनाघराच्या कपाटावरून. वर कसा पोचलो ते मला आजही ठाऊक नाही. उतरवायला नंतर शिडी आणावी लागली. दारात बिबट्या पेटी ऐकत बसला होता. भर दुपारी, पुढचे पाय जुळवून, उपासनेला उशिरा आल्यासारखा. त्याच्याकडे पाठ करून आमचे मास्तर पायपेटी वाजवत होते.

मिशनच्या शाळेतल्या या मास्तरांइतका भित्रा माणूस नवापूरच्या डोंगरापासून तापीपर्यंत जन्मला नसेल. ते पालीला भीत, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भीत, शिंकेला भीत. स्वतःच्या शिंकेला जरा जास्तच. अंगणात वाळत घातलेल्या आपल्याच कोटाला त्यांनी एकदा घाबरून नमस्कार केला होता. पण पायपेटीवर बसले की गडी निराळा. मिशनच्या मड्डमबाईंनी त्यांना एकच चीज शिकवली होती, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन उस्तादाची. उजवा हात एक चाल घेऊन पळत सुटतो आणि जरा वेळाने डावा तीच चाल घेऊन त्याच्या मागे लागतो. बाजाराला उतरलेली माणसं शेळ्या बाहेर बांधून ऐकायला बसत. वर्षानुवर्षं तेच, तरी कुणी उठत नसे. एका म्हातारीने तर पेटीखाली वाकून पाहिलं होतं. "आन दुसरं कोण वाजाडी ऱ्हायनं?"

शेवटची ओळ मात्र कुणीच ऐकली नव्हती. ती शिकवली त्याच संध्याकाळी मड्डमबाईंना ताप चढला आणि त्या गेल्या. डाव्याने उजव्याला गाठलं की वाजवणारा संपला, हे मास्तरांनी तेव्हाच मनाशी धरलं. त्या ओळीपाशी आले की त्यांना घाम फुटे आणि ते गुपचूप पहिल्या ओळीवर परतत.

त्या दुपारीही ते परतत राहिले. किती वेळा, देव जाणे. माझे निम्मे केस तिथेच पांढरे झाले. उंदरांनी भाता कुरतडलेला, त्यामुळे पाय सारखे मारावे लागत. हळूहळू पाय मंदावले. सूर बसू लागला. बिबट्या उठला. एक पाऊल आत आलं.

"मास्तर, पहिल्यापासून!"

त्यांनी मान हलवली आणि ते सरळ शेवटच्या ओळीत शिरले. मी डोळे मिटले. डाव्याने उजव्याला गाठलं, आणि दोघे एकाच सुरावर टेकले. भात्यातला वारा संपेपर्यंत तो सूर उभा होता. डोळे उघडले तर दार रिकामं, आणि मास्तर धोतराने कपाळ पुसत जिवंत.

पुढे ते पुष्कळ जगले, पालीला भीत भीत. आता पेटीला कुलूप आहे. तिथून जाताना माझा कान अजून डाव्या हाताची वाट बघतो.

इतकी हिंमत कुठून आणली, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"हिंमत कसानी?" मास्तर म्हणाले. "पाय दुखी ग्यात."