रुंद कमरेची

त्या सकाळी मी आणि माझी बायको भागीरथी बाज आवळत होतो. सुंभ ढिला पडून मधे पार झोळी झाली होती. मी ओढत होतो, ती पाय टेकवून धरत होती. "तुमना जोर बठ्ठा खावामा शे," ती म्हणाली. मी म्हटलं, माझा सगळा जोर खाण्यात, तर मग तू ओढ. तिनं ओढली आणि तिथंच खाली बसली. लघवी धड होत नाही, अंगात कसकस आहे, हे तेव्हा बोलली... एरंडोलच्या डॉक्टरनं बघितलं आणि धुळ्याला न्या म्हणाला.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाबा, यांचं अंग कधीपासून बाहेर येतंय?" मला कळेना, कुठलं अंग? त्यांनी सरळ सांगितलं, गर्भाची पिशवी. पार बाहेर आली होती, त्यानं लघवीच्या नळ्या तुंबल्या, मूत्रपिंडं संपली. एका घरात जन्म गेला आमचा, आणि मला हे परक्या बाईनं सांगायचं... जुन्या धोतराच्या पट्ट्या ती का बांधते विचारलं तर "कंबर दुखस" म्हणायची, झालं.

ओझ्यानं झालं का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, ओझं आहे, बाळंतपणं आहेत, पण मुळात अंगाची घडण. काही बायकांची कमरेच्या हाडांतली खालची वाट रुंद असते. पिशवी पेलणारं मांस तेवढ्या रुंदीवर ताणलेलं राहतं, बाळाचं डोकं जाताना ते हाडापासून सुटतं. कुणाचे आतले बंध जन्मापासूनच सैल. माझ्या डोळ्यांपुढं आमची बाज आली.

आणि आमच्या आत्यानं ही पोर पसंत केली ती कमर बघूनच. "रुंद कमरनी शे, बाळतपणनी काळजी नही." खरंच, सुईण येईपर्यंत मूल बाहेर. भावकीतल्या सुनांना तिचा दाखला द्यायचे. तिला जाऊन महिना झाला, पण अजून माझ्या डोक्यात हे बसत नाही. ज्याचं कौतुक केलं त्यानंच तिला खाल्लं.

"मुलगी आहे का?" बाईंनी विचारलं. आहे, लीला, बोदवडला दिली. "घडण आईची असेल तर दाखवा. वेळेत आली तर उपाय आहे."

भागीरथी शुद्धीवर होती तेव्हा मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "ही काय सांगानी गोट शे का?" म्हणाली, आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गावी आणून दिवस मावळायच्या आत अग्नी दिला.

अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बायका बसलेल्या. आईला दवाखान्यात नेलं तेव्हाच लीला तान्ह्याला घेऊन घर सांभाळायला आली होती. तिनं हंडा उचलायला वाकून ओटीपोट हातानं दाबलं, मग उचलला. मी सगळ्यांदेखत विचारलं, "लीला, तुनं बी अंग बाहेर येस का?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. लीला म्हणाली, "आबा, बाप आसं इचारस का?"

"कोणी इचारं नही, म्हणून तुनी माय गई."

ती हंड्यात बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खोकला उना की येस."

धाकटा भाऊ म्हणाला, "भाऊ, सुतकमा गाव सोडतस का?" मी हंडा तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला, मूल खांद्यावर टाकलं आणि धुळ्याच्या एस्टीची वाट धरली. ती मागं आली. दवाखान्याच्या दाराशी थांबली. "आबा, बाईले तुम्हीच सांगा."

"नही. तू सांग. मोठ्यानं सांग."

मी मूल घेऊन बाहेर बाकावर बसलो. दार लागलं. आतून आधी काहीच ऐकू येईना... मग लीलाचा आवाज आला.