पंचमीचा नाग

बोरिवली पूर्वेला आमची शाळा होती, आणि शाळेमागची टेकडी ओलांडली की नॅशनल पार्कचं जंगल सुरू व्हायचं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी सातवीला शास्त्र शिकवायचे आणि शनिवारी निसर्ग मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे बारा पोरं, एक दुर्बीण आणि माझी अखंड बडबड. मुख्याध्यापक त्याला 'बाईंचं खूळ' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, त्या खुळाचा मला चांगलाच तोरा होता.

श्रावणात, नागपंचमीच्या आधीच्या शनिवारी, मी सापांवर बोलले. साप दूध पीत नाही, पुंगीवर डोलतो तो सुरांसाठी नव्हे, त्याची जागा जंगलात, टोपलीत नाही. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. एक गोष्ट मात्र मी वगळली. पंचमीच्या आधी काही गारुडी नागाचे विषारी दात उपटतात आणि तोंड दोऱ्याने शिवतात, हे मला माहीत होतं. लहान आहेत, घास उतरायचा नाही, असं मनाशी म्हटलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. खरं तर ते बोलायची मलाच किळस येत होती.

पंचमीला सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. मंडळातली चार पोरं उभी, गुडघ्यापर्यंत चिखल. पुढे त्यांची पुढारीण. मालवणकडच्या घरातली, बाप गिरणीतली नोकरी सुटल्यावर वॉचमन झालेला, वर्गात सगळ्यात उलट बोलणारी आणि म्हणूनच माझी लाडकी.

"बाई, झकास काम केलं," ती म्हणाली. "नाग सोडला आम्ही."

गारुडी त्यांच्या चाळीत आला होता. बायकांनी हळदकुंकू वाहून दुधाची वाटी पुढे केली, पूजा उरकली, आणि तो नळावर हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात हिने टोपली उचलली. टेकडीपलीकडे जाऊन काठीने झाकण उघडलं, आणि नाग हळूहळू करवंदीच्या जाळीत शिरला.

"दूध पण नाही प्यायला बाई, तुम्ही सांगितलं तस्संच," मागून एक जण म्हणाला.

मी चौघांना फैलावर घेतलं, चावला असता तर काय केलं असतंत म्हणून. आणि ओरडता ओरडताच आठवलं की त्याचं तोंड शिवलेलं असणार. आता तो नाग बेडूक कसा धरणार? चौघं अजून शाबासकीच्या आशेने बघत होती. मी एवढंच म्हणाले, "चला, टोपली तरी परत देऊ."

गारुडी चाळीच्या पायरीवर बसला होता. मी शिव्या खायच्या तयारीने गेले होते. त्याने टोपली घेतली, आत पाहिलं आणि विचारलं, "कुठं सोडला?"

मी टेकडीकडे हात केला.

"बाई, तोंड शिवलंय त्याचं," तो म्हणाला. "पंचमी झाली की मी टाका काढतो, उंदीर घालतो. आता कोण काढणार? भुकेनं मरेल ना तो."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. शिवलं तर त्यानेच होतं. पण तो टाका काढता येणारा माणूसही आमच्यात तोच एक होता. आम्ही सहाही जण टेकडीवर गेलो. तो पुढे वाकून ओल्या मातीत खूण शोधत होता, आम्ही मागून जाळ्या आणि दगडांच्या फटी बघत होतो. उजेड होता तोवर शोधलं. नाग त्या दिवशी सापडला नाही, आणि पुढे आठवडाभर शाळा सुटल्यावर जात राहिलो तेव्हाही नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी उतरताना ती मुलगी माझ्या बरोबरीने चालायला लागली.

"बाई, ते तोंड शिवतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "तुम्ही लहान आहात म्हणून सांगितलं नाही."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. "आम्ही कात्री नेली असती."