लांब्याची जागा

गुलवेन केरब्रा म्हणजे बाजारात गाय विकायला नेली तर गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा माणूस, "घ्या, पण डाव्या बाजूनं धार काढायला बसू नका, लाथ मारते." त्यामुळे त्याच्या गाई खपायला वेळ लागे. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यानं खोटं असं एकच सांगितलं होतं. तेवढं मात्र एकेचाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात, सुट्टीवर आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगितलं.

गाडीवाले थांबत ते लांब्यासाठी. लांब्या म्हणजे गुलवेनच्या शेताच्या कडेला, रस्त्यालगत उभा असलेला धोंडा. माणसाच्या दुप्पट उंच, जरा पोक काढलेला, अंगभर दगडफुलाचे पिवळे ठिपके. ब्रिटनी प्रांताच्या त्या टोकाला असले धोंडे पैशाला पासरी, पण बाकीच्यांसाठी चिखल तुडवत जावं लागे. लांब्याचा फोटो गाडीतूनही निघायचा.

"मस्यू, हा इथं कधीपासून आहे हो?"

"पहिल्यापासून," गुलवेन म्हणायचा आणि टोपी काढून पुन्हा घालायचा.

कशासाठी उभा केला, असं विचारलं की मात्र तो खुलायचा, कारण त्यात खोटं बोलावं लागत नसे. "पाद्रीबाबा म्हणायचे, सैतानाची दाढ आहे. मास्तर म्हणायचे, दगडी पंचांग आहे. आमची आई म्हणायची, मूल होत नसेल तर बाईनं पोट घासावं. गाई म्हणतात, पाठ खाजवायला आहे. आता गाई रोज येतात, मस्यू. मास्तर एकदाच आले होते."

खरी गोष्ट एकोणीसशे सदुसष्टची. त्या वर्षी सरकारनं गावची सगळी जमीन एकत्र करून नव्यानं वाटली. पिढ्यान्‌पिढ्यांचे उंच मातीचे बांध, त्यांवरचे ओक, सगळं बुलडोझरखाली गेलं. रुमालाएवढ्या तुकड्यांची सलग शेतं झाली. गुलवेनच्या वाट्याला आजोबांचंच शेत आलं, शेजारचं जोडून, आणि आता बरोबर मधोमध लांब्या. नवाकोरा ट्रॅक्टर, आणि नांगराच्या दर तासाला या बुवाला प्रदक्षिणा!

"उपटू या," फांश म्हणाला. फांश त्याचा शाळेपासूनचा दोस्त, आणि बांध पाडणारा बुलडोझर त्याच्याच हाताखाली. "रविवारी सकाळी अख्खं गाव चर्चमध्ये. आपल्याला तास पुरे, सांगून ठेवतो."

रविवारी ते दोघं चर्चला गेले नाहीत. लांब्या आडवा झाला तो सहज. मुळाशी फारसा गाडलेलाच नव्हता. पण त्याला उभा कुठं करायचा? शेताच्या कडेनं जिथं पहार मारावी तिथं खण्ण! खाली सगळा कातळ. अर्धा तास असाच गेला. मग रस्त्यालगत एका ठिकाणी पहार लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. "इथं!" फांश ओरडला. कमरेइतकं खणलं, वाटेत आलेले गोटे बाहेर फेकले, साखळीनं लांब्याला ओढत आणून खड्ड्यात सोडलं. सपाट बाजू रस्त्याकडे केली, कारण फांशचं म्हणणं, "पाहुण्यांकडे तोंड नको का?" तेच गोटे भोवती ठोकून बसवले आणि घंटा वाजायच्या आत दोघं हात धुऊन मोकळे.

कुणी काही बोललं नाही. बोलणार काय? त्या वर्षी स्वतःचं शेत स्वतःला ओळखू येत नव्हतं. फांशचे वडील तर एक अख्खी दुपार शेजाऱ्याचे बटाटे खुरपून आले होते. नवा नकाशा काढायला माणूस आला, त्यानं दगड दिसला तिथं ठिपका दिला आणि गेला.

गुलवेनला मात्र तेव्हापासून घोर लागला. शहात्तर साली विहीर आटली. तशी सगळ्या ब्रिटनीचीच आटली होती, पण त्यानं ते स्वतःवर घेतलं. गवताच्या यंत्रात फांशचं एक बोट गेलं. मोठी मुलगी नोल्वेन पॅरिसला गेली आणि लोणी न खाणाऱ्या माणसाशी लग्न करून बसली. "ही लांब्याची करणी," फांश चार बोटांनी पेला धरत म्हणायचा, "सांगून ठेवतो."

बायकोला, सोआझिगला, गुलवेननं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं आणि त्याच महिन्यात त्याच्या आईनं तिला पोट घासायला लांब्यापाशी पाठवलं होतं. तू चुकीच्या जागी घासून आलीस, हे कुठल्या तोंडानं सांगणार? नोल्वेन झाली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, पण तोवर सांगायची वेळ निघून गेली होती.

आणि एकेचाळीस वर्षांनी, मे महिन्यात, आर्मेल रियू आली. रेन शहरातल्या विद्यापीठातली, जुन्या दगडांची अभ्यासक. तीन पायांची दुर्बीण, फिती, खुंट्या आणि भरभर बोलणं.

"कसं आहे ना, मस्यू केरब्रा, दगड एकटा बघायचा नसतो. त्याच्या भोवतीचं आकाश बघायचं असतं, कसं आहे ना."

ती गुलवेनचं बोलणं वहीत लिहून घ्यायची. गाईंचं मतसुद्धा लिहून घेतलं. आजवर त्याचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. घरात तर कुणी ऐकूनही घेत नव्हतं. सोआझिग तिला रोज दुपारी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालायची आणि ती सहा-सहा खायची. महिनाभरात पोर घरचीच झाली.

जूनमध्ये एका दुपारी ती धापा टाकत स्वयंपाकघरात आली. "सापडलं! लांब्यापाशी उभं राहायचं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य त्या टेकडीच्या खाचेतून उगवतो. बरोब्बर खाचेतून! वीस पावलं सरका, चुकतं. जागा मुद्दाम निवडलेली आहे, मस्यू केरब्रा! रविवारी नगरभवनात व्याख्यान देते, मग छापायला पाठवते."

गुलवेनच्या घशात धिरडं अडकलं.

"पाणी दे ग त्याला," सोआझिग म्हणाली. "विद्येचा घास आहे, सवय नाही."

संध्याकाळी तो फांशकडे गेला.

"मुद्दाम निवडलेली!" फांश पोट धरून हसला. "निवडली ना. मी निवडली! माझंही नाव छापा म्हणावं."

"हसतोस काय? उद्या कुणी जुना नकाशा काढला तर? ती पोरगी सगळ्या विद्वानांसमोर तोंडघशी पडेल. माझ्यामुळे."

"कोण काढतंय नकाशा? बुलडोझर भंगारात गेला. साक्षीदार म्हणशील तर तू, मी नि लांब्या. लांब्या बोलत नाही, मी बोलणार नाही. उरलास तू, म्हाताऱ्या. तेव्हा थोबाड बंद ठेव, सांगून ठेवतो."

दोन दिवस गुलवेननं थोबाड बंद ठेवलं. जेवायलाही उघडेना. शेवटी बुधवारी सकाळी तो शेतात गेला. आर्मेल गुडघ्यांवर बसून काहीतरी मोजत होती. त्यानं टोपी काढली, आणि या वेळी पुन्हा घातली नाही.

"बाई, हा दगड इथला नाही."

"म्हणजे?"

"तो तिथं होता." त्यानं शेताच्या मध्याकडे बोट केलं. "मी आणला इथं. सदुसष्ट साली. ट्रॅक्टर वळत नव्हता."

आर्मेलचा चेहरा पांढराफटक पडला. ती फितीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "कसं आहे ना..." ती म्हणाली आणि गुंडाळलेली फीत पुन्हा सोडू लागली.

"मला शिव्या द्या," गुलवेन म्हणाला. "मोठ्यानं दिल्यात तरी चालेल. पण ते छापू नका."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं विचारलं, "हीच जागा का निवडलीत?"

"बाकी सगळा कातळ. इथं तेवढी माती मऊ लागली."

आर्मेल झटकन उठली. "मऊ? कातळाच्या मधोमध मऊ? आणि खड्ड्यात काही होतं?"

"गोटे होते. तेच परत ठोकले."

खणण्याचा परवाना तिच्याकडे होताच. विद्यापीठातून दोन माणसं आली. एक खड्डा लांब्याच्या पायाशी, दुसरा शेताच्या मध्यात. तीन दिवस गुलवेन शेताच्या कडेला बसून होता, शिक्षा ऐकायला बसावा तसा. फांशही दुरून येऊन डोकावून जायचा आणि कुणी पाहिलं की शीळ घालायचा.

शनिवारी दुपारी आर्मेलनं हाक मारली. "मस्यू केरब्रा! इकडे या. वाका."

गुलवेन वाकला. त्यानं आणि फांशनं तेव्हा कमरेइतकं खणलं होतं, त्याच्याही खाली कातळात कोरलेला गोल खड्डा होता. कडेनं गोटे दाटीवाटीनं पाचर मारून बसवलेले, आणि तळाशी कोळशाचा काळा थर.

"हे तुमचं काम नाही," ती म्हणाली. "हे कित्येक हजार वर्षांपूर्वीचं. कुणीतरी कातळ फोडून लांब्यासाठी घर केलं होतं. म्हणून तुमची पहार आत गेली! आणि तिथं मध्यात काय निघालं सांगू? वीतभर खळगा आणि त्यात चिलमीचा तुकडा. फार तर दोनशे वर्षांचा. तुमच्याच कुणा पणजोबानं इथून हलवून तिथं नेला असणार. त्यालाही कशाची तरी अडचण झाली असेल."

गुलवेनच्या छातीवर एकेचाळीस वर्षं ठेवलेला धोंडा उठला तो असा अचानक, की त्याला रडू आलं की हसू, हे फांशलाही कळलं नाही.

"म्हणजे माझं बोट..." फांश म्हणाला.

"तुझं बोट तुझ्या मूर्खपणानं गेलं," गुलवेन म्हणाला.

रविवारी नगरभवन भरलं. आर्मेलनं खड्डा सांगितला, कोळसा सांगितला, सूर्याचं मात्र सांभाळून. जागा खरी, पण लांब्याचं तोंड मुळात कुठं होतं ते आता कुणालाच कळणार नाही, कारण फांशनं ते पाहुण्यांकडे केलं होतं. "कशासाठी उभा केला? खरं सांगायचं तर मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग गुलवेन उठला. सगळ्या गावासमोर त्यानं बुलडोझर, साखळी, चुकवलेली प्रार्थना, सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर खाली मान घालून उभा राहिला.

मग मागून कुणीतरी फुस्‌कन हसलं, आणि हसण्याची लाटच आली.

"अरे, बस खाली," सोआझिगनं त्याची बाही ओढली. "माहीत आहे सगळ्यांना."

"काय माहीत आहे?"

"बुलडोझर होता तो, मांजर नव्हतं! अख्खी प्रार्थना त्या घरघरीत गेली. पाद्रीबाबा ओरडून ओरडून प्रवचन करत होते. घसा बसला त्यांचा."

"मग बोलला का नाही कुणी?"

"बोलणार कोण? त्या वर्षी प्रत्येकानं काही ना काही सरकवलं होतं."

"आणि तू? तू पोट घासायला गेलीस तेव्हा..."

"माती अजून ओली होती," सोआझिग म्हणाली. "मी झगा चिखलात भरवून घरी आले आणि तू विचारलंस, 'कुठं पडलीस का?' तेव्हाच म्हटलं, याला सुचेल तेव्हा सांगेल."

घरी जाताना गुलवेन शेतापाशी थांबला. गाई दूर चरत होत्या. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, लांब्याला पाठ टेकली आणि दोन्ही खांदे आलटून पालटून वर-खाली करत चांगली दोन मिनिटं, डोळे मिटून, पाठ खाजवून घेतली.

"झालं का?" रस्त्यावरून सोआझिग ओरडली. "धिरडी गार होतायत!"

"आलो," गुलवेन म्हणाला. "आज सहा घाल."