आठ दाबलं की फोन येतो

माझ्या गुडघ्यांवर एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. रोज सकाळी मोबाइलवर दुखण्याला शून्य ते दहातला आकडा द्यायचा. आकडा सहाच्या वर गेला की हॉस्पिटलात या चाचणीचं काम बघणारी मुलगी फोन करते. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तिथून माझं दुखणं वाढलं.

चिखलीत अकराव्या मजल्यावर आमचं घर. मुलगा-सून सकाळी चाकणला कंपनीत जातात, ते दिवेलागणीनंतर येतात. मधल्या वेळात मी आणि कुकर. त्यातही बोलतो तोच.

दुखायचं तीन, मी दाबायची आठ. लगेच फोन. "आजी, सूज आहे का? चालता येतंय?" सुजेवरून मी तिला मेथीच्या लाडवांवर आणायची, लाडवांवरून तिच्या लग्नावर.

"आजी, लग्नाचा रकाना नाहीये हो फॉर्ममध्ये!"

महिन्याभराने ती म्हणाली, "तुम्हाला काहीच फरक दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्हाला चाचणीतून मोकळं करू."

मोकळं! म्हणजे फोन बंद.

"अगं, मग ती आठं खोडून टाक ना."

"नाही खोडता येत. ब्लॉकचेन आहे. तुमची नोंद एकदम चार-पाच ठिकाणी जाते, आणि प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीची खूण असते. मागचं काही हललं की सगळीकडे कळतं."

मला भोसरीच्या वर्कशॉपमधली पंचविशीतली मी आठवले. दर तासाला मशीनवरून उतरलेला एक बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, मापून रजिस्टरात लिहायचं काम. ही बया, म्हणजे मीच, डबा खाता खाता दिवसभराची मापं लिहून मोकळी, वर तीन पेनं बदलायची, वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. एकदा दोन तास लाइट नव्हती, मशीन बंद. हिच्या रजिस्टरात त्या दोन तासांचेही बुश अगदी मापात! साहेबांनी पान फाडलं, हिला वाटलं सुटले. अक्कल तेव्हाही आली नव्हती, नंतरही नाही.

"आणि कुणी खोटंच लिहिलं असेल तर?"

"तर खोटंही तसंच जपलं जातं, आजी. आणि त्यावरूनच ठरतं, औषध लोकांना द्यायचं की नाही."

आमच्या सोसायटीतच माझ्यासारखे किती गुडघे आहेत. मी सांगून टाकलं.

"जुनं तसंच राहील," ती म्हणाली. "खाली दुरुस्ती जोडता येते. कारण लागतं. काय लिहू?"

"लिही, फोन यावा म्हणून."

डॉक्टर रागावले, पण त्यांनी मला ठेवलं. तेव्हापासून मी तीन दाबत आले. फोन गप्प.

काल लिफ्ट बंद होती, अकरा मजले चढले. आज सकाळी गुडघा खरोखर पेटला होता. आठवर बोट धरून कितीतरी वेळ बसले. मग दाबलं.

"आजी, खरंच?"

"खरंच गं," म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिला ते दिसत नव्हतं. तिने सुजेचं विचारलं, मी सुजेचं सांगितलं. लाडवांपर्यंत आम्ही पोचलो नाही.